स्वखुशीने सोडलेली जागा

विद्याधर हेरवाडकरांना भांडता येत होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. विमा कंपनीत सगळी नोकरी लोकांचे दावे तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. दर शनिवारी कोल्हापुरातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जायचे. कुणाचा फ्रीज घेतल्या घेतल्या बंद पडलेला असायचा, कुणाला बिल्डरनं पार्किंग नाकारलेलं असायचं. हेरवाडकर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आवाज चढवू नका. नियम दाखवा. नियम दाखवला की समोरच्याचा आवाज आपोआप उतरतो."

त्यांचं हे वाक्य केंद्रात सगळ्यांना पाठ होतं.

त्या मार्चमध्ये ते बंगळूरला लेकीकडे निघाले होते. नातवाचा, अर्णवचा वाढदिवस चार दिवसांवर होता. पत्नी सरोजिनीबाई आधीच तिकडे गेल्या होत्या. घाई अशी काही नव्हती, पण तिकीट काढलं होतं आणि घर एकट्याला खायला उठत होतं. निघताना लेकीसाठी कांदा-लसूण चटणी बांधून घेण्यात वेळ गेला, त्यामुळे उजळाईवाडीच्या विमानतळावर पोचले तेव्हा काउंटरपुढची रांग संपत आली होती. घरूनच मोबाइलवर चेक-इन करता आलं असतं. पण त्यात खिडकीच्या जागेचे वेगळे पैसे मागत होते आणि तिकीट घेतल्यावर जागेचे पैसे कसले, म्हणून हेरवाडकरांनी ते तत्त्व म्हणून केलं नव्हतं.

काउंटरवर तेजस्वी नावाची मुलगी होती. नावाची पट्टी छातीवर होती म्हणून ते कळलं. तिनं त्यांचं ओळखपत्र बघितलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग पुन्हा ओळखपत्र बघितलं.

"सर, सॉरी. फ्लाइट फुल झालीय. तुम्हाला उद्याच्या फ्लाइटला पाठवलं तर चालेल का?"

"फुल झाली म्हणजे? माझं तिकीट कन्फर्म आहे."

"हो सर. पण एखाद-दुसरं तिकीट जास्तीचं दिलेलं असतं. रोज कोणी ना कोणी येत नाही. आज सगळेच आले."

हेरवाडकरांना मनातून बरंच वाटलं. असं प्रकरण केंद्रात कधी आलं नव्हतं, पण त्यांनी नियम मात्र वाचून ठेवले होते. त्यांनी बॅग खाली ठेवली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तुमच्या साहेबांना बोलवा."

साहेब म्हणजे यशराज नावाचा तिशीतला तरुण. टाय बांधलेला, चेहरा घामेजलेला. हेरवाडकर त्याच्याशी अगदी गोडीत बोलले.

"हे बघा, तुम्ही जास्तीची तिकिटं विकलीत, ते तुमचं तुमच्यापाशी. पण म्हणून काउंटरवर शेवटी आला त्याला परत पाठवता येत नाही. आधी प्रवाशांना विचारायचं असतं, की स्वखुशीनं कोणी आपली जागा सोडतंय का. त्याच्या बदल्यात काय देणार, ते उघड सांगायचं असतं. कोणीच तयार झालं नाही, तर मग एखाद्याला नाकारता येतं, आणि त्याला भरपाई द्यावी लागते. तुम्ही विचारलंत का कुणाला?"

यशराजनं टायची गाठ सैल केली.

"नाही ना? मग विचारा. मी इथंच उभा आहे."

मागे एक गृहस्थ बॅगेला पट्टी लावून घेत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "बराबर हाय सायेब! सोडू नका ह्यास्नी!" हेरवाडकरांनी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांची मान किंचित ताठ झाली.

यशराजनं हॉलवर नजर फिरवली. बहुतेक प्रवासी तपासणी करून आत गेले होते. काउंटरसमोरच्या खुर्चीवर एक मुलगी तेवढी बसून होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मांडीवर सॅक, अंगात निळी जर्सी, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत 'शिवतेज तालीम, पेठ वडगाव' असं छापलेलं. खरं तर ती सगळ्यांच्या आधी आली होती. काउंटर उघडायच्या आधीपासून उभी होती, आणि बोर्डिंग पास पहिल्यांदा तिलाच मिळाला होता. पण पास मिळाल्यावर पुढं आत जायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एसटी स्टँडवर गाडीचं नाव पुकारतात तसं इथंही पुकारतील, म्हणून ती बसून होती.

यशराज तिच्यापुढं जाऊन वाकला आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. मुलगी आधी हसली, मग तिचा चेहरा गोंधळला.

"पण सर, माझी ट्रायल हाय. दुपारी तीनला."

"उद्या सगळ्यात आधी तुम्हालाच पाठवतो. नाश्त्याचं बघतो. इथं फक्त एक सही करा."

त्यानं तिच्या हातातला पास घेतला आणि कागद-पेन दिलं. इकडे तेजस्वीच्या मशीनमधून हेरवाडकरांचा पास बाहेर आला. तिनं तो मान खाली घालूनच पुढं केला.

ती मुलगी उठून उभी राहिली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ हेरवाडकरांकडं आली.

"काका, हे इंग्लिशमध्ये हाय. ह्यात काय लिवलंय, जरा बघता का?"

कागद त्यांच्या हातभर अंतरावर होता. न वाचताही त्यांना मजकूर माहीत होता. 'मी माझी जागा स्वखुशीने सोडत आहे.' नेमकं त्याच वेळी बोर्डिंगची शेवटची सूचना झाली. हेरवाडकरांनी बॅग उचलली.

"ते सांगतील तुला सगळं, बाळ. त्यांना नियमाप्रमाणेच करावं लागतं," असं म्हणून ते तपासणीच्या दाराकडं चालू लागले.

विमानात त्यांना खिडकीची जागा मिळाली. ती बहुतेक त्या मुलीचीच असावी. खाली उसाचे पट्टे, मग नदीचं वळण दिसलं आणि ढग आले. हेरवाडकरांनी डोळे मिटले. आपण काही चुकीचं केलं असं त्यांना वाटलं नाही. काहीतरी टोचत होतं, पण नाश्ता आला आणि तेही राहून गेलं.

बंगळूरच्या घरी पोचल्यावर त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. लेक अदिती आणि जावई हसले. जावई म्हणाला, "बाबांच्या तावडीत सापडले बिचारे!" सरोजिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"मग त्या पोरीचं काय झालं?"

"काय व्हायचंय? तिनं जागा सोडली. तसं विचारायचंच असतं."

"कसली ट्रायल म्हणाली ती?"

"फुटबॉलची असेल. जर्सी होती अंगात."

"तीन वाजता."

"हो."

सरोजिनीबाई म्हणाल्या, "अर्णवचा वाढदिवस रविवारी आहे. तुम्ही उद्या आला असता तरी चाललं असतं." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि हेरवाडकरांना तेच जास्त लागलं. वाढदिवसाला फुगे फुगवताना, नातवाला बागेत नेताना मध्येच त्यांना तो कागद दिसायचा. दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटंसुद्धा नाही. 'सही करू नकोस' एवढे तीन शब्द पुरले असते.

कोल्हापूरला परत उतरल्यावर ते बॅग घेऊन आधी काउंटरवर गेले. तेजस्वी होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं.

"त्या दिवशीची ती मुलगी... तिचं नाव सांगता का?"

"सर, नाव नाही सांगता येत." तिनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती दुपारपर्यंत तिथंच बसून होती सर. मी दोनदा चहा दिला, तिनं घेतला नाही. मग तिचे वडील आले आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटला ती आलीच नाही."

पुढच्या शनिवारी हेरवाडकर केंद्रात गेले नाहीत. त्यांनी पेठ वडगावची एसटी धरली. स्टँडवर शिवतेज तालीम विचारल्यावर एका पानवाल्यानं हात केला, "त्या पोरींचं ग्राउंड व्हय? शाळंच्या मागं जावा."

मैदानात धूळ उडत होती. आठ-दहा मुली फुटबॉल खेळत होत्या आणि कडेला शिट्टी घेतलेले एक गृहस्थ होते, त्यांचे प्रशिक्षक सुतार सर. हेरवाडकरांनी आपण ग्राहक केंद्रातून आलोय एवढंच सांगितलं. सुतार सरांनी सगळी हकीकत सांगितली. मुलीचं नाव क्रांती खवरे. बाप बाळासो, घरची थोडी शेती आणि म्हशी. बंगळूरच्या एका संघानं मुलींची निवड ठेवली होती. आदल्या संध्याकाळी अचानक फोन आला, की बोलावलेल्यातली एक मुलगी जखमी झालीय, उद्या तीनला येऊ शकत असाल तर क्रांतीला बघतो. रात्रीच्या बसगाड्यांत जागा नव्हती. तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून विमानाचं तिकीट काढलं.

"आणि मग?"

"मग काय? तिथं चारला मी फोन केला. म्हणाले, दुसरी घेतली. पुढच्या वर्षी बघू." सुतार सरांनी शिट्टी बोटाभोवती गुंडाळली. "विमानवाल्यांनी तिच्याकडनं लिहून घेतलंय, की तिनं आपणहून जागा सोडली. आता कुणाकडं बोंबलायचं, सांगा."

केस करता येईल, असं हेरवाडकर म्हणाले. खेळ थांबल्यावर क्रांती आली. तोंडावर घाम, गुडघ्याला माती. तिनं हेरवाडकरांकडं बघितलं आणि ती जरा थबकली. सुतार सर म्हणाले, "हे साहेब केस करू म्हणतात तुझ्यासाठी."

सर पाणी आणायला गेले. हेरवाडकरांना वाटलं, आता बोललं नाही तर कधीच बोलता येणार नाही.

"क्रांती, मी त्या दिवशी विमानतळावर होतो. मी..."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "बघितल्या बघितल्याच ओळखलो मी तुमास्नी."

"तुझी जागा मलाच दिली त्यांनी."

"ते पण म्हाईत हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हेरवाडकरांना पुढं बोलायला सोपं गेलं असतं. क्रांती बुटाच्या टोकानं मैदानातली माती उकरत होती.

"तुम्ही त्या सायबाला नियम सांगालता न्हवं, तवा मी ऐकत बसलोतो. मला लय भारी वाटलं. म्हटलं, आपल्या बाजूनं पण कोणतरी बोलालंय. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांसाठी भांडालाय." ती थांबली. "म्हणून तर तुमच्याकडं कागद घिऊन आलो मी. न्हायतर अनोळखी माणसाला कशाला विचारलो असतो?"

सुतार सर पाण्याची कळशी घेऊन आले आणि क्रांती ओंजळ धरून पाणी प्यायला लागली.

केस उभी राहिली. हेरवाडकरांनी स्वतः मसुदा केला. विमान कंपनीला नोटीस गेली, उत्तर आलं, आणि उत्तरात अपेक्षेप्रमाणे तोच कागद जोडलेला होता. प्रवाशाने स्वखुशीने जागा सोडली, तिची सही आहे, सबब भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. आता ती सही कशी घेतली गेली हे सांगणारा माणूस हवा होता, आणि असा माणूस एकच होता.

केंद्राचे अध्यक्ष जुने वकील होते. त्यांनी शपथपत्राचा कच्चा मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"हेरवाडकर, हे सगळं कशाला लिहिलंय? 'मी तिथं उपस्थित होतो आणि मुलीला कागद समजावून न सांगता सही घेतली' एवढं पुरे. तिनं तुम्हाला वाचायला सांगितलं आणि तुम्ही वाचलं नाही, हे कोण विचारणार आहे? केंद्राचं नाव आहे, तुमचं नाव आहे."

"तिनं मला विचारलं, म्हणजे तिला कळलं नव्हतं. हाच पुरावा आहे," हेरवाडकर म्हणाले. "तो काढला तर केसमध्ये काय उरलं?"

"तुमची अब्रू उरेल."

हेरवाडकरांनी मसुदा उचलला आणि तसाच टाइप करायला दिला.

ग्राहक आयोगात त्या दिवशी फारशी गर्दी नव्हती. क्रांती बाळासोंबरोबर मागच्या बाकावर बसली होती. बाळासोंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि टोपी मांडीवर ठेवली होती. कंपनीचे वकील मुद्द्याचं बोलले: साक्षीदारालाच त्या जागेचा फायदा झाला आहे, तेव्हा त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? अध्यक्ष बाईंनी शपथपत्र चाळलं आणि हेरवाडकरांना पुढं बोलावलं.

"तुम्ही ग्राहकांना मार्गदर्शन करता, असं यात लिहिलंय."

"हो, मॅडम."

"म्हणजे नियम तुम्हाला त्या वेळी माहीत होता?"

"हो."

"या मुलीनं तुम्हाला कागद वाचायला सांगितला?"

"हो."

"मग तुम्ही तिला का सांगितलं नाही?"

बाजूला बसलेल्या लेखनिकाची बोटं थांबली. हेरवाडकर आयुष्यभर अशा प्रश्नांची उत्तरं लोकांना पढवत आले होते. आता त्यांना त्यातलं एकही आठवेना.

"माझं विमान सुटत होतं," ते म्हणाले.

अध्यक्ष बाईंनी शपथपत्र मिटलं. मग म्हणाल्या, "बसा."

बाहेर जिन्यात बाळासोंनी त्यांना गाठलं. हेरवाडकरांना वाटलं, आता हा माणूस चार शब्द सुनावणार. त्यांनी मनाची तयारीही केली. पण बाळासो टोपी डोक्यावर ठेवत एवढंच म्हणाले, "सायेब, तुमी खरं बोललासा. पर लय उशिरा बोललासा." आणि ते पोरीला घेऊन एसटीच्या दिशेनं निघून गेले.

निकाल यायला पुढचा पावसाळा उलटला. तो क्रांतीच्या बाजूनं लागला. स्वखुशीनं म्हणून घेतलेली सही समजून दिलेली नव्हती, असं आयोगानं म्हटलं, भरपाई दिली आणि कंपनीला लेखी माफी मागायला लावली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली. केंद्रातल्या लोकांनी हेरवाडकरांचं अभिनंदन केलं, पण पूर्वीसारखं मोकळेपणानं नाही. अध्यक्षांनी तर हात मिळवून लगेच दुसरा विषय काढला. तोपर्यंत बंगळूरच्या त्या संघानं मुलींचं पथक बंद करून टाकलं होतं. पुढचं वर्ष म्हणून जे काही होतं, ते राहिलंच नव्हतं.

निकालाची प्रत घेऊन हेरवाडकर स्वतः खवऱ्यांच्या घरी गेले. त्यांना टपालानं पाठवता आली असती. सरोजिनीबाईच म्हणाल्या होत्या, "जाऊन या."

घर वडगावच्या बाहेर, मळ्यात होतं. क्रांतीची आई झुंबरबाई गोठ्यातून आली, हात धुऊन तिनं खुर्ची पुसली. "बसा की. च्या टाकतो." बाळासो दूध घालायला डेअरीत गेले होते. थोड्या वेळानं क्रांती आली. ती आता इचलकरंजीच्या एका शाळेत लहान मुलींना खेळ शिकवत होती. जाऊन-येऊन दिवस जायचा. निकाल मराठीत होता. तिनं तो वाचला. सावकाश, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, आणि घडी घालून आईकडं दिला.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "सुतार सरांस्नी सांगतो. तालमीच्या पोरांचं पैसं पण भागतील ह्यातनं."

"तू अजून खेळतेस ना?"

"खेळतो की. रविवारचं." तिनं खांदे उडवले. "शाळंतल्या पोरींत दोन-तीन लय चांगल्या हायत."

चहा आला. गुळाचा, दाट. हेरवाडकर बशीत ओतून प्यायला लागले. आपण काय बोलायला आलो होतो ते त्यांना आठवत होतं. वाटेभर त्यांनी मनात शब्द जुळवले होते, पण इथं या ओसरीवर, म्हशींच्या आवाजात ते शब्द बाहेर काढावेत असं वाटेना. माफी तर आयोगानं कंपनीकडून मागवलीच होती. आपली माफी घेऊन हे लोक काय करणार होते?

"काका," क्रांती एकदम म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी बेंगलोरला पाऊस हुता काय? दुपारचा? तिथं मार्चमध्ये पण येतोय म्हणं कधीकधी. सुतार सर म्हणालते, ग्राउंड ओलं असलं तर बॉल पायापासनं लांब धरू नकोस. तेच डोक्यात घिऊन निघालतो मी."

हेरवाडकरांनी आठवून बघितलं. बशी हातात तशीच राहिली. त्या दुपारी लेकीनं पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत पडदे ओढून पंख्याखाली झोपले होते. उठले तेव्हा दिवे लागले होते.

"आठवत नाही ग," ते म्हणाले. "मी झोपलो होतो."

"असू दे," क्रांती म्हणाली. "आसंच विचारलो."

झुंबरबाईंनी अजून घोटभर चहा घेता का म्हणून विचारलं. त्यांनी नको म्हटलं. क्रांती त्यांना सोडायला बांधापर्यंत आली, एसटी किती वाजता येते ते तिनं सांगितलं आणि लांबून गाडी दिसेपर्यंत तिथंच थांबली. गाडीत बसल्यावर हेरवाडकरांनी मागं वळून बघितलं. तेव्हा ती पाठमोरी घराकडं निघाली होती, आणि चालता चालता पायाशी आलेला एक दगड बुटाच्या आतल्या बाजूनं हळूच पुढं ढकलत होती.